बाहेरच्या डिस्कला हात लावू नये

शुक्रवारी दुपारी मी हॉस्पिटलच्या सर्व्हर रूमचं दार ढकललं आणि पहिला श्वास घेताच पस्तावले. बाहेर शेहेचाळीस डिग्री आणि आत एसी, त्यामुळे उन्हाळाभर ती खोली म्हणजे ज्याला त्याला डबा खायची, आडवं व्हायची जागा होते, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि नाकात जाणं वेगळं. रॅकच्या मागे चटई. तिच्यावर लोणच्याचं तेल. कोपऱ्यात खर्र्याच्या, म्हणजे चोळलेल्या सुपारी-तंबाखूच्या, रिकाम्या पन्न्या आणि त्यांचे रबर. आणि रॅकला लागून असलेल्या पांढऱ्या खांबावर, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, ताजी पिचकारी. लाल. वर जाड, खाली चार ओघळ, त्यातला एक खांबाला चिकटून गेलेल्या नारिंगी केबलींवर उतरलेला.

"जितेंद्र, हे काय आहे?"

जितेंद्र आमच्याच कंपनीचा. हॉस्पिटलची मशिनं सांभाळायला तो रोज तिथेच बसतो. त्याने मान वर केली, तोंडातलं सांडू नये म्हणून हनुवटी उचलली आणि तशाच आवाजात म्हणाला, "थे माहं नाई मॅडम. वार्डातले पोरं येऊन बसतात गारव्याले."

सांगताना त्याचे दात दिसले. त्याच रंगाचे.

मी तक्रार केली नाही. ओढणी नाकाला लावली, तपासायचं ते तपासलं आणि निघून आले. बाळंतपणाची सुट्टी, वर बिनपगारी दोन महिने, परत आल्यावर रोज साडेपाचला निघायची घाई. अशा बाईने तक्रारी करू नयेत, असं कुणी सांगावं लागत नाही. घरी गेल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मगच भूमिकाला घेतलं.

त्या नारिंगी केबली जिथे जातात तो डबा मला रॅकमधल्या इतर मशिनांसारखा वाटत नाही, याला कारण आहे. सर्व्हर म्हणजे नुसतं डोकं. त्याच्या पोटात दोन लहान डिस्क असतात, त्या कधीही पुसून नव्याने भरता येतात. तो डबा मात्र वेगळा, बाहेरून जोडलेला. त्यात चोवीस डिस्क आहेत आणि त्यांच्यात कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांचे फोटो आहेत. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे. दर आठवड्याला एक फोटो, आणि डॉक्टर आधीच्या आठवड्याचा फोटो शेजारी ठेवून बघतात, की रक्ताच्या नसा सरळ वाढताहेत की वेड्यावाकड्या. नुसत्या आजच्या फोटोवरून कळत नाही. माझी भूमिका याच हॉस्पिटलात तिसाव्या आठवड्यात झाली. तिच्या तिसऱ्या आणि चौथ्या फोटोत फरक होता, एवढासा. डॉक्टर रीनांनी तो पकडला आणि दुसऱ्या दिवशी लेझर केलं. आता ती चौदा महिन्यांची आहे आणि फरशीवरची मुंगी तिला माझ्याआधी दिसते.

त्या डब्यात आज घडीला उपचार चालू असलेली त्रेपन्न बाळं होती. गोंदिया, भंडारा, कळमेश्वर, कुठून कुठून आलेली. त्यांचे मागच्या आठवड्यांचे फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. बॅकअप होता, पण तोही त्याच डब्यात ठेवलेला. घराची एक किल्ली हरवली तर असावी म्हणून दुसरी किल्ली त्याच छल्ल्यात अडकवावी, तसा. हे मी दोनदा मेलवर लिहिलं होतं. दोन्हीदा उत्तर आलं, 'नोटेड'.

रविवारी ओपीडी बंद, म्हणून सहा सर्व्हरवर नवं लिनक्स टाकायचं ठरलं. हॉस्पिटलात जायची गरज नव्हती. आमच्या ऑफिसातून सर्व्हर चालू-बंद करता येतात, आणि इन्स्टॉलेशन आपोआप होतं. त्यासाठी एक फाईल लिहावी लागते. भाषा कोणती, पासवर्ड काय, कोणती डिस्क पुसायची, असं जे जे इन्स्टॉलर विचारील त्याची उत्तरं आधीच लिहून ठेवायची. मग तो कुणाला काही विचारत नाही. विचारत नाही, हीच त्यातली भीती. 'सगळं पुसून टाक' ही ओळ त्या फाईलमध्ये असतेच, म्हणून तिच्या वर मी दुसरी ओळ लिहिली होती: पोटातल्या डिस्कचा अमुक पत्ता, फक्त तिथेच काम कर, बाकी जे काही जोडलेलं दिसेल त्याला हात लावू नकोस.

आणि तेवढ्यावरही माझं समाधान नव्हतं. म्हणून नियम केला होता, की सर्व्हरला हात लावण्याआधी जितेंद्रने त्या डब्याच्या दोन्ही नारिंगी केबली उपसायच्या आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर आम्ही सगळे आणि डॉक्टर रीना. ऑफिसात या नियमावरून माझी टिंगल व्हायची. "मेघा मॅडमले फोटो पाहिजे बापा, झूम करून पाह्यतात." करते मी झूम. शेजारच्या सिंधूताई भूमिकाला सांभाळतात, त्यांचा दर तासाला एक फोटो येतो, तोही मी मोठा करून बघते. ओठाला काही लागलंय का, हातात काही आहे का, मागे कूलरची वायर उघडी तर नाही.

रविवारी ऑफिसात मी आणि गौरांग सर, दोघेच. नागसेनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बुटीबोरीला पहिली पाळी. गौरांग सर आमच्या टीमचे मुख्य. सगळं त्यांच्या लॅपटॉपवरून, त्यांच्या लॉगिनवरून चालू होतं. मी शेजारी चेकलिस्ट घेऊन. टेबलावर तर्री-पोह्याची पार्सलं उघडी, तर्रीवर तेलाचा थर आणि त्यात त्यांनी बुडवून ठेवलेला चमचा. तोच चमचा ते मधूनमधून चाटत होते आणि त्याच बोटांनी कीबोर्ड वापरत होते.

पहिला सर्व्हर नीट झाला. दुसरा अडकला. लाल अक्षरांत: सांगितलेली डिस्क सापडत नाही.

"ही तुझी ओळ," सर म्हणाले.

मी पाहिलं. दुसऱ्या सर्व्हरचं कार्ड कुणीतरी वेगळ्या खाचेत बसवलं होतं, त्यामुळे त्याच्या डिस्कचा पत्ता वेगळा. "सर, ओळ बरोबर आहे. पत्ता जुळला नाही म्हणून थांबला तो, भलतीकडे गेला नाही. मी प्रत्येक सर्व्हरचा पत्ता वेगळा काढून देते. दहा-पंधरा मिनिटं."

"अगं, दोनला मला सासऱ्यांकडे जेवायला जायचंय. पत्ता-बित्ता राहू दे. सरळ 'पहिली डिस्क' लिहू. पहिली म्हणजे आतलीच असते."

"तसं नसतं सर. जी आधी हजेरी देते ती पहिली. डबा जोडलेला असला तर कधी कधी डब्याची डिस्क आधी उत्तर देते. मग ती पहिली होते आणि—"

"डबा जोडलेला कुठाय? जितूचा फोटो आलाय ना? तुझाच नियम." त्यांनी माझी ओळ निवडली, पुसली, दुसरी टाईप केली. एवढं सोपं होतं ते. कीबोर्डवर तर्रीचं बोट उमटलं. "तू ना, बाळाला वाढवतेस तसे सर्व्हर वाढवतेस. जरा मोकळं सोड."

दुसरा सर्व्हर पुन्हा सुरू केला, तो झाला. ते माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही, पण गप्प बसले. आता ते आठवलं की मला खांबापेक्षा त्या गप्प बसण्याची जास्त किळस येते.

डबा जोडलेला होता तो सर्व्हर तिसरा.

सव्वाबाराला सिंधूताईंचा फोटो आला. भूमिका, समोर वाटी, गालाला वरण. मोठा करून पाहिला. सगळं ठीक. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'जेवली वं, आता तरी तू जेव.' बोट सवयीने मागे गेलं आणि जितेंद्रच्या फोटोवर थांबलं. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी टाकलेला. दोन्ही नारिंगी केबली निघालेल्या, टोकं खाली लोंबताहेत. मी तोही मोठा केला. डबा, खाचा, त्यावरचे विझलेले दिवे, शेजारचा खांब.

खांब पांढरा होता.

वरपासून खालपर्यंत पांढरा. पिचकारी नाही, ओघळ नाही, केबलींवर डाग नाही. शुक्रवारी तीन वाजता जे पाहून मी ओढणी नाकाला लावली होती त्यातलं काहीच नाही. कुणी पुसलं असेल? चुन्याच्या रंगावरून ते लाल पुसलं जात नाही, गुलाबी डाग उरतोच. मी आणखी मोठा केला. फोटोच्या कडेला खुर्चीवर एक स्वेटर टाकलेलं होतं.

मे महिन्यात नागपुरात स्वेटर.

"सर, हा फोटो जुना आहे. जानेवारीत टाकला होता तोच परत टाकलाय त्याने."

"काय?"

"खांबावर थुंकलेलं होतं शुक्रवारी. यात नाहीये. आणि हे स्वेटर बघा."

त्यांनी पाहिलं आणि हसायलाच लागले. "म्हणजे पुरावा काय, तर खर्रा? मेघा, धन्य आहे तुझी. तिसऱ्याला मी आत्ताच रीबूट दिलंय."

"थांबवा ना मग!"

"मध्येच थांबवलं तर परत पहिल्यापासून. जितूला फोन लाव, हो म्हणाला की झालं."

मी लॅपटॉपकडे हात नेला. त्यांनी तो स्वतःकडे ओढला. लहान मुलाच्या हाताला लागू नये म्हणून आपण कात्री सरकवतो ना, तसा, रागावून नाही, हसत हसत. ते हसणं जास्त घाण होतं.

आमचे सर्व्हर सुरू व्हायला वेळ घेतात. आधी स्वतःची मेमरी तपासतात, मग कार्डं, मग इन्स्टॉलर बोलावतात. सहा-सात मिनिटं. मी जितेंद्रला फोन लावला. मागे हॉर्न, ऑटो, कुणीतरी "ले लो, ले लो, दो सौ में" ओरडत असलेला.

"जितेंद्र, कुठे आहेस?"

तोंडात भरलेलं होतं. थुंकल्याचा आवाज आला, अगदी माझ्या कानात. "बर्डीच्या बाजारात हो मॅडम. कूलरचा पंप जळला ना घरचा."

"केबली काढल्यास का?"

"फोटो टाकला ना मी."

"फोटो जुना आहे. आज काढल्यास का?"

मग तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या त्या ओळीनं तसंही काही होत नाई. तुम्हीच म्हणाल्या होत्या, की ओळ असली तर डब्याले धक्का नाई लागत. मंग दरवेळेस कायले उपसाच्या? टोकं खराब होतात."

म्हणजे तो माझ्या ओळीवर विसंबला होता आणि सर त्याच्या फोटोवर. आणि दोघेही ज्याच्यावर विसंबले ते आता कुठेच नव्हतं.

मी फोन ठेवला आणि इंदूबाईंना लावला. त्यांचा नंबर माझ्याकडे 'इंदू मावशी काचेजवळ' असा सेव्ह आहे. भूमिका काचेच्या पेटीत होती तेव्हा त्या मजल्याची झाडलोट त्यांच्याकडे होती, मी काचेला नाक लावून उभी असायची, आणि त्या माझ्या पायाखालून पोछा मारता मारता सांगायच्या, "हाललं वं तुहं लेकरू, पाह्य, पाय हालवला."

"मावशी, ड्युटीवर आहात?"

"हाव. काहून वं? पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. मावशी, दुसऱ्या मजल्यावर ती थंड खोली आहे ना, कॉम्प्युटरची? पळत जा. आत्ता. फोन कानालाच ठेवा."

चपलांचा आवाज, जिना, दम. गौरांग सर पोह्यांवर शेव घालत होते. त्यांच्या स्क्रीनवर मेमरीचे आकडे वर चालले होते.

"आली. दार उघडंच आहे मेल्याईनं ठेवलेलं. अग्गं माय, वास काय सुटला!"

"खांबापाशी जा. खांबावर काय आहे?"

"काय राहणार? थुकून ठेवलं आहे, दुसरं काय. परवा मी म्हटलं बी, पुसत नाई मी हे. झाडूवाली आहो मी, पिकदाणी नाई."

माझे डोळे भरून आले. थुंकलेलं आहे हे ऐकून. सरांना ऐकू जावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"मावशी, खांबाजवळ खाली एक डबा आहे, बारक्या बारक्या हिरव्या दिव्यांचा. मागून दोन नारिंगी वायरी निघतात."

"दिवे भकभक करून राहिले."

भकभक. म्हणजे जोडलेला, जागा. सरांचा चमचा थांबला. मेमरी संपली होती, स्क्रीनवर आता कार्डांची नावं येत होती.

"दोन्ही वायरी ओढून काढा. टोकाशी धरा, चिमटीत, थोडं दाबा आणि ओढा."

"मले शॉक तर नाई ना लागणार?"

"नाही मावशी. त्यात वीज नाही, नुसता उजेड असतो."

"उजेड," त्या म्हणाल्या. मग खुडबूड. "निघाली एक."

"दुसरी."

"दुसरी निघत नाई वं. चिकटली. याच्यावरच तर गळलं आहे थे. ईऽऽ... हाताले लागलं माह्या."

"मावशी, ओढा. तुटली तरी चालेल."

सर उभे राहिले होते. स्क्रीनवर पांढरी ओळ आली, की इन्स्टॉलर येतोय. आता बंद करायला त्यांचा हात बटणाकडे गेला, आणि हात तेलकट असल्यामुळे की कशामुळे, त्यांनी आधी तो पँटला पुसला. मी ते बघत राहिले. त्रेपन्न बाळं, आणि हा माणूस हात पुसतोय.

"निघाली!" इंदूबाई ओरडल्या. "दिवे बंद. नाई, एक आहे... झाला, झाला बंद."

इन्स्टॉलरने डिस्क मोजल्या. आम्ही दोघे वाकून बघत होतो. यादीत दोनच नावं आली. दोन्ही पोटातली, लहान. पहिली निवडली, पुसली, पट्टी पुढे सरकायला लागली.

सर खुर्चीत बसले. घोटभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "बघ, झालं ना नीट? उगाच टेन्शन."

जितेंद्रने तेवढ्यात ग्रुपवर अंगठा टाकला. त्याखाली सरांनी लिहिलं, 'तिसरा सर्व्हर यशस्वी. स्टोरेज नियमाप्रमाणे आधीच वेगळं केलं होतं. टीमचं अभिनंदन.' लिहिताना ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी पोह्यांचं पार्सल माझ्याकडे सरकवलं. "घे ना, गार होतंय."

तर्री गोठून वर लाल साय आली होती. मी खुर्ची मागे घेतली.

फोन अजून चालूच होता. नळाचा आवाज येत होता, इंदूबाई हात धुत होत्या. "मेघा, काय होतं वं त्या डब्यात?"

"बाळांच्या डोळ्यांचे फोटो, मावशी."

"तुह्या पोरीचे बी?"

"तिचेही."

नळ बंद झाला. "मंग त्या खांबाले मी हात लावत नाई. राहू दे तसाच. लोकाईले दिसू दे."

"मावशी, त्याचा एक फोटो काढून पाठवता? डबा आणि खांब दोन्ही आले पाहिजेत."

त्यांनी पाठवला. तिरपा, अर्ध्या भागात त्यांचा अंगठा, पण सगळं दिसत होतं: पिचकारी, चार ओघळ, जमिनीवर पडलेल्या दोन नारिंगी केबली, एकीचं टोक लाल. मी जितेंद्रचा पांढरा खांब आणि हा, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. डॉक्टर रीना ठेवतात तसे. ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं: 'पहिला फोटो जानेवारीचा आहे. दुसरा आज, बारा चौतीसचा. तिसरा सर्व्हर सुरू होत असतानाही स्टोरेज जोडलेलं होतं आणि फाईलमधून त्याला वगळणारी ओळ काढलेली होती. केबली कंपनीच्या माणसाने नाही, सफाई कर्मचारी इंदूबाई यांनी काढल्या.'

"डिलीट कर," सर म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मेघा, क्लायंट आहे त्या ग्रुपवर. डिलीट फॉर एव्हरीवन कर. तुझं अप्रेझल माझ्याकडे आहे, हे लक्षात ठेव. घरी लहान मूल आहे तुझ्या."

"तेच तर," मी म्हटलं.

निळ्या खुणा झाल्या. डॉक्टर रीना टाईप करत असल्याचं दिसलं, थांबलं, परत दिसलं. मग आलं: 'कोणत्या बाळांचे फोटो धोक्यात होते?'

सर माझ्या फोनकडे बघत होते. मी लिहिलं, 'सगळ्यांचे.'

पुढे काय होणार ते मला माहीत नव्हतं. नोकरीचं तर नाहीच. डॉक्टरांचा फोन सरांना आला आणि ते तो घेऊन बाहेर पॅसेजमध्ये गेले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती, मान सारखी हलत होती. लॅपटॉप टेबलावर उघडा राहिला. मी टिश्यूने कीबोर्डवरचं तेल पुसलं, दोनदा, आणि उरलेल्या सर्व्हरच्या डिस्कचे पत्ते एकेक करून काढले. फाईलमध्ये माझी ओळ परत लिहिली, प्रत्येकासाठी वेगळा पत्ता, आणि तपासून पाहिली.

सगळं मिळून अकरा मिनिटं लागली.